दाताच्या एनॅमलमधली प्रथिनं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दात किडला की काय करायचं हे सगळेच विचारतात. पण एनॅमल, म्हणजे दातावरचं कडक आवरण, मुळात घडतं कसं, आणि काही मुलांचं ते जन्मजात कच्चं का निघतं, हे विचारणारेही आता बरेच असतात. त्यात आईवडिलांची संख्या मोठी, आणि त्यांच्या प्रश्नांत काळजीइतकाच अपराधभाव असतो. म्हणून 7 ते 10 या प्रश्नांना जास्त जागा दिली आहे. घाई असेल तर थेट तिकडे गेलात तरी चालेल. फक्त प्रश्न 2 आणि 4 आधी वाचा, पुढचं बरंचसं त्यावर उभं आहे.

1. एनॅमल म्हणजे तर निव्वळ खनिज. त्यात प्रथिनं कुठून आली?

तोंडात उगवलेल्या दाताचं एनॅमल वजनानं सुमारे 96 टक्के खनिज असतं. हे खनिज म्हणजे हायड्रॉक्सिअपेटाइट, कॅल्शियम आणि फॉस्फेटचे स्फटिक. उरलेल्यात बहुतेक पाणी आणि जेमतेम एखादा टक्का प्रथिनं. पण दात जबड्यात घडत असताना हे प्रमाण फार वेगळं असतं. नुकतं तयार होत असलेलं एनॅमल मऊ असतं. त्यात खनिज वजनाच्या एक तृतीयांशाच्या आसपास, बाकी सगळं पाणी आणि प्रथिनं.

हाडात आणि एनॅमलखालच्या डेंटिनमध्ये कोलॅजन नावाचं प्रथिन कायम राहतं, खनिज त्याच्याभोवती साचतं. एनॅमलमध्ये कोलॅजनचा असा सांगाडा नसतो. इथली प्रथिनं निराळी आहेत, आणि काम झालं की ती निघून जातात.

2. निघूनच जायचं असेल तर ती येतात कशाला?

स्लॅब टाकताना सेंट्रिंग लागतं, तसंच. काँक्रीटला आकार सेंट्रिंगमुळे येतो, पण घर वापरायचं तर ते काढावंच लागतं.

दात घडत असताना डेंटिनच्या बाहेरच्या अंगाला अमेलोब्लास्ट नावाच्या पेशींची एक सलग रांग उभी असते. या पेशी प्रथिनं स्रवतात आणि हळूहळू बाहेरच्या दिशेला सरकत जातात. त्यांच्या मागे जे राहतं ते एनॅमल. माणसात हा वेग दिवसाला साधारण 4 मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या अडीचशेव्या भागाइतका. दाढेच्या टोकावर एनॅमल अडीच मिलिमीटरपर्यंत जाड असतं. तेवढं चढवायला दीड-दोन वर्षं का लागतात, याचा हिशोब यावरून होतो.

यातलं सुमारे 90 टक्के प्रथिन एकच, अमेलोजेनिन. त्याचे रेणू एकत्र येऊन सुमारे 20 नॅनोमीटरचे गोळे बनवतात, प्रयोगशाळेत त्यांच्या लांब फितीही दिसल्या आहेत. त्यांच्या सोबतीनं स्फटिक लांबीला वाढत जातात, पण शेजारच्या स्फटिकाला चिकटत नाहीत आणि वेळेआधी जाड होत नाहीत. असे हजारो बारीक स्फटिक एका दिशेला लागून एक दांडी होते, जाडी साधारण 5 मायक्रोमीटर. लाखो दांड्या मिळून एनॅमल.

दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला की या दांड्यांवर आडव्या रेघा दिसतात, रोजची एक. दुधाच्या दातांत आणि पहिल्या कायमच्या दाढेत तर जन्माच्या दिवसाची ठळक रेघ असते, कारण जन्माच्या धकाधकीत पेशींचं काम थोडं अडखळतं. मूल जन्मानंतर काही दिवस जगलं होतं का, हे न्यायवैद्यक तपासात या रेघेवरून सांगता येतं. पहिल्यांदा ही रेघ पाहिली त्या दिवसापासून मला दात हा निर्जीव दगड वाटेनासा झाला.

3. अमेलोजेनिनशिवाय आणखी कोणती प्रथिनं आहेत? प्रत्येकाचं काम वेगळं का?

मुख्य तीन: अमेलोजेनिन, अमेलोब्लास्टिन आणि एनॅमेलिन. शिवाय प्रथिनं कापणारी दोन विकरं (एन्झाइम), एमएमपी-20 आणि केएलके-4. अमेलोटिन आणि ओडॅम ही आणखी दोन प्रथिनं शेवटच्या टप्प्यात येतात.

कोणाचं काम काय, हे बरंचसं उंदरांमुळे कळलं. एकेक जनुक बंद करून दात कसे येतात ते संशोधकांनी पाहिलं. अमेलोजेनिन नसेल तर एनॅमल येतं, पण पातळ, खडूसारखं, दांड्यांची रचना नसलेलं. एनॅमेलिन नसेल तर खरं एनॅमल येतच नाही, म्हणजे एकूण प्रथिनांत ज्याचा वाटा तीन-चार टक्के, त्याच्यावाचून सगळंच अडतं. अमेलोब्लास्टिन बिघडलं तर पेशी आपल्या जागेवरून सुटतात. विकरांचं पुढच्या उत्तरात.

4. काम झाल्यावर ही प्रथिनं कोण काढतं, आणि काढली नाहीत तर काय होतं?

दोन विकरं, दोन पाळ्यांत. एमएमपी-20 सुरुवातीपासून हजर असतं आणि प्रथिनं स्रवल्या स्रवल्या त्यांचे नेमके तुकडे करतं. एनॅमलची पूर्ण जाडी झाली की अमेलोब्लास्ट पेशी आपलं रूप बदलतात. त्यातल्या साधारण चौथा हिस्सा पेशी या बदलातच मरतात. उरलेल्या केएलके-4 सोडतात. ते उरलेल्या प्रथिनांचा चुरा करतं आणि तो चुरा पेशी शोषून घेतात. रिकाम्या झालेल्या जागेत कॅल्शियम-फॉस्फेट येतं, स्फटिक जाडीला वाढतात आणि एकमेकांना भिडतात. एनॅमल कडक होतं ते इथे. स्फटिक वाढताना आम्ल तयार होतं, म्हणून याच पेशी बायकार्बोनेट सोडून ते निवळत ठेवतात.

केएलके-4 नसलेल्या उंदराचा दात फार बोलका आहे. एनॅमलची जाडी बरोबर, दांड्यांची नक्षी बरोबर, वरून पाहिलं तर दोष सापडणार नाही. पण स्फटिकांच्या मध्ये प्रथिन अडकून राहिलेलं असतं, ते एकमेकांत गुंतत नाहीत आणि चावल्यावर एनॅमल झिजून तुटतं. एमएमपी-20 नसेल तर एनॅमल पातळ होतं आणि डेंटिनवरून सुटून निघतं.

प्रथिनं कमी पडली तर एनॅमल पातळ येतं, आणि प्रथिनं निघाली नाहीत तर जाडी पूर्ण पण माल मऊ. पुढे ज्या आजारांबद्दल लिहिलं आहे, ते पाहताना हा फरक डोक्यात ठेवा.

5. उरलेलं टक्काभर प्रथिन म्हणजे नुसता कचरा का?

नाही. ते दांड्यांच्या कडेला आणि डेंटिनलगतच्या थरात जास्त असतं. नुसतं खनिज कडक असतं पण ठिसूळही असतं. तडा गेला तर सरळ आरपार जाईल. दांड्यांमधलं पाणी आणि प्रथिन तड्याला वळवतं, थोपवतं. रसायनानं हे प्रथिन काढून टाकलेल्या एनॅमलमध्ये तडा सहज पुढे सरकतो. सुपारी फोडणाऱ्यांचे दातसुद्धा वर्षानुवर्षं टिकतात, त्यात याचा वाटा आहे. सुपारी दातानं फोडावी असा याचा अर्थ नाही.

6. नखं, केस, हाड पुन्हा वाढतात. मग एनॅमल का नाही?

कारण ते बनवणाऱ्या पेशी उरत नाहीत. दात हिरडीतून वर येतो तेव्हा अमेलोब्लास्टचा शेवटचा थर झडून जातो. डेंटिन बनवणाऱ्या पेशी दाताच्या आत जिवंत असतात, म्हणून डेंटिन थोडंफार भरून निघतं. एनॅमल बाहेरून बनतं आणि बनवणारे निघून गेलेले असतात. उंदराच्या पटाशीच्या दातांच्या मुळाशी मूलपेशी आयुष्यभर राहतात, त्यामुळे त्यांचे दात वाढतच असतात.

2023 साली अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मानवी मूलपेशींपासून अमेलोब्लास्ट पेशींचे छोटे गोळे तयार केले आणि त्यांनी एनॅमलची प्रथिनं स्रवली. हे मोठं पाऊल आहे. पण दवाखान्यात "नवीन एनॅमल" बसवून मिळेल अशी जाहिरात आज कोणी करत असेल तर ती खोटी आहे. "एनॅमल रिपेअर" लिहिलेल्या पेस्ट करतात ते पृष्ठभागाचं पुनर्खनिजीकरण, म्हणजे गेलेलं थोडं कॅल्शियम-फॉस्फेट परत बसवणं. तेही उपयोगाचं आहे, पण नवीन थर चढत नाही.

7. मुलाला अंडी, डाळी, प्रोटीन पावडर दिली तर एनॅमल मजबूत होईल का?

उगवलेल्या दाताचं नाही. खाल्लेलं प्रथिन एनॅमलपर्यंत पोचायला तिथे रक्तवाहिनी नाही आणि पेशीही नाही. त्यासाठी पावडरचे डबे आणू नका, त्यातली साखर असलीच तर दाताचं नुकसानच करेल.

घडत असलेल्या दाताची गोष्ट निराळी. दुधाच्या दातांचं एनॅमल आईच्या पोटात, चौथ्या महिन्याच्या सुमारास सुरू होतं. पहिली कायमची दाढ जन्माच्या आसपास सुरू होते आणि तिचा माथा तिसऱ्या वर्षापर्यंत पूर्ण होतो. पटाशीचे दात चार-पाच वर्षांपर्यंत, दुसरी दाढ सात-आठ वर्षांपर्यंत. या काळात तीव्र कुपोषण, ड जीवनसत्त्वाची कमतरता किंवा दीर्घ आजारपण झालं तर अमेलोब्लास्टचं काम बिघडू शकतं आणि एनॅमलमध्ये खाचा किंवा पातळ पट्टे राहतात. म्हणून गरोदर बाईचं आणि लहान मुलाचं जेवण सकस असावं, तेवढं पुरे.

8. मुलीची सहाव्या वर्षी आलेली दाढ उगवतानाच पिवळट होती, आता तिच्या खपल्या निघतात. घरचे म्हणतात नीट ब्रश करत नाही. आमचंच चुकलं का?

नाही. आणि कृपा करून मुलीला रागावणं आजच थांबवा.

या दोषाला मोलर इन्सिजर हायपोमिनरलायझेशन म्हणतात, दवाखान्यात एमआयएच. पहिल्या कायमच्या दाढांपैकी एक किंवा अधिक, आणि पुष्कळदा पुढचे पटाशीचे दात यांच्यावर पांढरे, पिवळट किंवा तपकिरी डाग असतात. डागाची कड स्पष्ट असते, नकाशावर सीमा आखल्यासारखी. शेजारची दाढ मात्र अगदी निरोगी असू शकते. जगभरात साधारण सात-आठ मुलांमागे एकाला हे कमी-अधिक प्रमाणात असतं, इतकं ते सर्रास आहे.

या डागातल्या एनॅमलमध्ये नेहमीच्या कित्येक पट प्रथिन सापडतं. विशेष म्हणजे त्यात बराचसा वाटा अमेलोजेनिनचा नसून रक्तातल्या अल्ब्युमिनचा असतो. एनॅमल पक्कं होत असताना अल्ब्युमिन तिथे शिरलं, स्फटिकांना चिकटलं आणि त्यांची वाढ अडली, असं यावरून दिसतं. पहिल्या तीन वर्षांतली तापाची आजारपणं याच्याशी जोडली जातात, एकच एक कारण नाही. हे सगळं घडलं तेव्हा ती दाढ जबड्याच्या आत होती, ब्रश तिथे पोचणार कसा?

असं एनॅमल सच्छिद्र असतं. गार पाणी, कुल्फी, कधीकधी नुसती हवासुद्धा ठणकते. म्हणून मूल त्या बाजूला ब्रश लावू देत नाही, म्हणून तिथे कीड लवकर लागते, आणि मग सगळे म्हणतात, ब्रश करत नाही म्हणून किडली. क्रम उलटा आहे. ब्रश करताना कोमट पाणी द्या, मऊ ब्रश घ्या, आणि दाढ तुटायची वाट न पाहता मुलांच्या दंतवैद्याला दाखवा. फ्लोराइड वार्निश, सीलंट, तात्पुरतं भरण, जास्त तुटलेल्या दाढेला स्टीलची टोपी, असे टप्पे असतात.

डॉक्टरांकडे जाताना दोन गोष्टी माहीत असू द्या. या दाढांना भुलीचं इंजेक्शन कमी लागू पडतं, त्यामुळे "भूल दिल्यावर दुखत नाही, नाटक करते" असं कोणी म्हणालं तर मुलीची बाजू घ्या. दुसरं, अशा एनॅमलवर सिमेंट नीट चिकटत नाही, कारण स्फटिकांवर प्रथिनाचा थर असतो. काही डॉक्टर भरण करण्याआधी सोडियम हायपोक्लोराइटनं तो थर धुऊन घेतात. भरण पुन्हा निघालं तर त्यात डॉक्टरांचा हलगर्जीपणा असेलच असं नाही.

9. आमच्या घरात वडील, आत्या, मी, सगळ्यांचेच सगळे दात पिवळे आणि झिजलेले. हे तेच का?

बहुधा नाही. एमआयएच ठरावीक दातांवर असतं. सगळ्याच दातांना, दुधाच्या आणि कायमच्या दोन्हींना, दोष असेल आणि तो घराण्यात चालत आला असेल तर अमेलोजेनेसिस इम्परफेक्टा हा आनुवंशिक विकार असण्याची शक्यता जास्त. प्रश्न 3 आणि 4 मधल्या प्रथिनांची जनुकंच यात बिघडलेली असतात. एनॅमेलिनच्या बिघाडात एनॅमल पातळ किंवा खाचांचं, केएलके-4 किंवा एमएमपी-20 च्या बिघाडात जाडी ठीक पण रंग पिवळा-तपकिरी आणि माल मऊ. उंदरांत जे पाहिलं त्याचंच हे बरंचसं माणसातलं रूप, फक्त एमएमपी-20 नसलेल्या उंदरात एनॅमल पातळही होतं.

हा विकार किती आढळतो हे प्रदेशावर अवलंबून आहे. उत्तर स्वीडनमध्ये 700 माणसांमागे एक, तर अमेरिकेतल्या एका जुन्या पाहणीत 14,000 मागे एक असे आकडे आले होते.

अशा घरातल्या मुलांना शाळेत "दात घासत नाहीस का?" हे रोज ऐकावं लागतं. तरुण मुली हसताना तोंडावर हात धरतात. उपचार आहेत: लहानपणी दाढांवर टोप्या, मोठेपणी कंपोझिट किंवा क्राउन. खर्चिक आहेत, पण डेंटल कॉलेजच्या रुग्णालयात खासगी दवाखान्यापेक्षा बरेच कमी पैसे लागतात. एक जरूर करा: निदान लेखी घ्या आणि शाळेला दाखवा.

10. माझ्या मुलाचं सगळं एनॅमल खराब आहे, मुलीच्या दातांवर मात्र उभे पट्टे आहेत, एक चांगला, एक खराब. एकाच आजाराची दोन रूपं कशी?

हे फार नेमकं निरीक्षण आहे, आणि निदान जवळजवळ यातच आहे. अमेलोजेनिनचं मुख्य जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलाकडे एक्स एकच. तो बिघडलेला असेल तर सगळ्या अमेलोब्लास्ट बिघडलेल्या. (वाय गुणसूत्रावर दुसरी प्रत आहे, पण ती दहा टक्क्यांच्या आसपासच प्रथिन देते, तेवढं पुरत नाही.) मुलीकडे दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत त्यातला एक बंद होतो. त्यामुळे काही पेशी चांगल्या जनुकावर चालतात, काही बिघडलेल्या. पेशींचे हे गट एनॅमल घडवत जातात आणि दातावर उभे पट्टे उमटतात. बापाकडून हे सगळ्या मुलींना जातं, मुलग्यांना जात नाही. आईकडून मुलगा-मुलगी दोघांनाही निम्मी शक्यता. जनुकीय समुपदेशकाला भेटताना दातांचे फोटो घेऊन जा.

11. आमच्या गावात बोअरचं पाणी पिणाऱ्या सगळ्या मुलांच्या दातांवर पांढरे-तपकिरी डाग आहेत. यातही प्रथिनांचाच संबंध का?

हो. हा फ्लोरोसिस. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतल्या अनेक गावांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे, तिथे पिढ्यान् पिढ्या हे डाग दिसतात. दात घडत असताना फ्लोराइड जास्त झालं की अमेलोजेनिनचा चुरा होऊन बाहेर पडणं रेंगाळतं, आणि पृष्ठभागाखालचं एनॅमल सच्छिद्र राहतं. तपकिरी रंग नंतर, दात उगवल्यावर, त्या छिद्रांत बसतो.

एमआयएचपेक्षा हे ओळखायला सोपं. डागाला स्पष्ट कड नसते, आडव्या अंधुक रेघा असतात, आणि डावी-उजवी बाजू सारखी दिसते. भारतीय मानकानुसार पाण्यात लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावं, दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालवून घेतात. पाणी उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. ते काढायची नलगोंडा पद्धत नागपूरच्या नीरी संस्थेनं विकसित केली: तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर घालून पाणी निवळू द्यायचं. आठ वर्षांपुढे, दातांचे माथे पूर्ण झाल्यावर, फ्लोराइडचे नवे डाग पडत नाहीत (अक्कलदाढ सोडून). हाडांवरचा परिणाम मात्र वयाशी बांधलेला नाही, म्हणून मोठ्यांनीही ते पाणी पिऊ नये.

12. मग फ्लोराइडची पेस्ट बंद करू?

नको. वर जे सांगितलं ते गिळलेल्या फ्लोराइडबद्दल, आणि दात जबड्यात घडत असतानाचं. उगवलेल्या दाताच्या पृष्ठभागावर फ्लोराइड स्फटिकात बसतं आणि तो स्फटिक आम्लाला जास्त दाद देत नाही. साधं एनॅमल 5.5 पीएचच्या आसपास विरघळू लागतं, फ्लोराइड असलेलं साधारण 4.5 पर्यंत टिकतं. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी पेस्ट, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी, आणि थुंकायला शिकवा. फ्लोरोसिसच्या गावात राहत असाल तर लहान मुलांपुरता डॉक्टरांचा सल्ला घ्या. मशेरी आणि राखुंडी हा पर्याय नाही. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू.

13. कैरी किंवा चिंच खाल्ली की दात आंबतात. तेव्हा एनॅमलमधली प्रथिनं जातात का?

जातं ते खनिज, पृष्ठभागावरचं अगदी थोडं. पण इथे लाळेतली प्रथिनं कामाला येतात. दात घासून चूळ भरली की काही क्षणांतच लाळेतली प्रथिनं एनॅमलवर चिकटून एक पातळ पापुद्रा तयार होतो. त्यातलं स्टॅथेरिन लाळेतलं कॅल्शियम-फॉस्फेट विरघळलेल्या रूपात टिकवून धरतं. हा पापुद्रा आम्लाला काही प्रमाणात अडवतो. कैरी खाल्ल्यावर लगेच ब्रश केला तर मऊ झालेला पृष्ठभाग घासला जातो. चूळ भरा, अर्धा तास थांबा.

14. दुधातल्या प्रथिनाची क्रीम डॉक्टरांनी दिली आहे. दुधाचा आणि दाताचा काय संबंध?

वाटतो त्यापेक्षा फार जवळचा. दुधातल्या केसिनची जनुकं, लाळेतल्या स्टॅथेरिनचं जनुक आणि एनॅमेलिन, अमेलोब्लास्टिन, ओडॅमची जनुकं माणसाच्या चौथ्या गुणसूत्रावर एकमेकांच्या शेजारी आहेत, आणि ती एकाच पूर्वज जनुकाच्या प्रतींपासून उत्क्रांत झाली. आधी दात-हाडांसाठी कॅल्शियम-फॉस्फेट हाताळणारी प्रथिनं आली, आणि त्यातूनच पुढे सस्तन प्राण्यांच्या दुधाची. दूध कॅल्शियमनं इतकं भरलेलं असूनही त्याचा गाळ बसत नाही, ते केसिनमुळे. मला या सगळ्या विषयातली ही सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

क्रीममध्ये केसिनचे तुकडे कॅल्शियम-फॉस्फेटला धरून ठेवतात आणि दातापाशी सोडतात. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न विद्यापीठात हे तंत्र तयार झालं. सुरुवातीच्या पांढऱ्या डागांवर आणि एमआयएचच्या ठणक्यावर ते देतात, खड्डा पडलेल्या किडीवर नाही. फ्लोराइडची पेस्ट सोडून फक्त हीच लावू नका.

अपवाद महत्त्वाचा: दुधातल्या प्रथिनाची अ‍ॅलर्जी असेल तर ही क्रीम वापरायची नाही. दूध पचत नाही, पोट फुगतं, हा लॅक्टोजचा त्रास असतो. त्यांनी घाबरायचं कारण नाही.

15. मुलाला गहू चालत नाही, सीलिअ‍ॅक आहे. त्याच्या दातांवरही दोष आहेत. हा योगायोग का?

बहुधा नाही. सीलिअ‍ॅक असलेल्या मुलांत एनॅमलचे दोष जास्त आढळतात. पूर्वी याचं कारण फक्त पोषण अंगी न लागणं असं मानत. 2023 साली इस्राएलच्या वाइझमन संस्थेच्या संशोधकांनी दाखवलं की अशा अनेक रुग्णांच्या शरीरात एनॅमलच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडं असतात. याउलटही लक्षात ठेवा: मुलाच्या कायमच्या दातांवर दोन्ही बाजूंना सारखे दोष, सोबत वाढ खुंटलेली, सतत जुलाब, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांकडून सीलिअ‍ॅकची तपासणी करून घ्या.

16. हिरड्यांच्या शस्त्रक्रियेत "एनॅमल प्रथिनांचं जेल" घालणार आहेत. ते डुकराचं असतं म्हणे?

हो, खरं आहे. एमडोगेन या नावानं मिळणारं जेल डुकराच्या पिलांच्या घडत्या दातांतून काढलेल्या प्रथिनांचं असतं, मुख्यतः अमेलोजेनिन. ते एनॅमल बनवत नाही. दाताच्या मुळाभोवतीचं गेलेलं हाड आणि त्याला धरणारे तंतू परत यावेत यासाठी ते लावतात, आणि निवडक रुग्णांत त्याचा चांगला उपयोग होतो.

धर्मानं किंवा आहारानं ते चालत नसेल तर शस्त्रक्रियेआधी स्पष्ट सांगा, त्यात संकोच कसला? पर्याय म्हणून सुचवलेली हाडाची पूडही कधीकधी गाईबैलांच्या हाडापासून केलेली असते. तेही विचारून घ्या. कृत्रिम पूडही मिळते.

17. हजारो वर्षांपूर्वीच्या दातावरून माणूस स्त्री होता की पुरुष, हे कसं कळतं?

प्रश्न 10 मधल्या दोन प्रतींमुळे. एक्स आणि वायवरच्या अमेलोजेनिनमध्ये थोडा फरक आहे. एनॅमलमध्ये अडकलेले प्रथिनाचे तुकडे आम्लानं सोडवून तपासले आणि वायचा तुकडा सापडला तर पुरुष. स्फटिकांच्या मध्ये कोंडलेली ही प्रथिनं डीएनएपेक्षा फार जास्त टिकतात. इटलीत मोडेना इथे 2009 साली हातात हात घातलेले दोन सांगाडे सापडले होते, लोक त्यांना "मोडेनाचे प्रेमी" म्हणू लागले. 2019 साली एनॅमलच्या तपासणीत दोघेही पुरुष निघाले. स्पेनमध्ये वालेन्सिना इथे हस्तिदंतासह पुरलेला, जवळजवळ 5000 वर्षांपूर्वीचा "मोठा सरदार" 2023 मध्ये बाई ठरला.

याच प्रथिनांवरून चीनमधल्या 19 लाख वर्षांपूर्वीच्या गायगँटोपिथेकस या महाकाय वानराचं नातं ओरांगउटानशी जुळलं. तिथल्या उष्ण हवेत इतका जुना डीएनए टिकलाच नसता.

18. ज्या प्राण्यांना दातच नाहीत त्यांच्यात ही जनुकं असतात का?

असतात, मोडकी. आपल्या कोकणातलं खवले मांजर मुंग्या-वाळवी जिभेनं टिपतं, त्याला दात नाहीत. त्याच्यातलं एनॅमेलिनचं जनुक निकामी अवस्थेत आहे. पक्ष्यांत आणि दातांऐवजी झालर असलेल्या देवमाशांतही तसंच. वापर संपला, की जनुकात झालेल्या चुका कोणी वेचून काढत नाही. पक्ष्यांच्या पूर्वजांचे दात साधारण 11 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी गेले, हा अंदाज अशाच चुका मोजून काढला आहे.

19. अमेलोजेनिनची तपासणी पुरुषाला स्त्री दाखवू शकते का?

हो, आणि भारतात हे विशेष लक्षात ठेवायला हवं. गुन्ह्याच्या तपासात डीएनए चाचणीबरोबर अमेलोजेनिनवरून लिंग बघतात. पण काही पुरुषांच्या वाय गुणसूत्रावरचा तो तुकडाच गळालेला असतो. ते पूर्ण निरोगी असतात, दातही व्यवस्थित, कारण मुख्य काम एक्सवरची प्रत करते. चाचणीत मात्र फक्त एक्स दिसतो. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेच्या संशोधकांनी 2002 साली 270 भारतीय पुरुष तपासले, त्यातल्या 5 जणांत असं आढळलं. म्हणून एकट्या अमेलोजेनिनवर न थांबता वाय गुणसूत्रावरची एसआरवायसारखी दुसरी खूणही तपासावी लागते. प्रश्न 17 मधल्या पद्धतीलाही हीच मर्यादा आहे: वायचा तुकडा सापडला तर पुरुष हे पक्कं, न सापडला तर स्त्री असण्याची शक्यता मोठी, इतकंच.